घरचे दप्तर

'दप्तर' हा शब्द आपल्याकडे दोन ठिकाणी वापरला जातो. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पाठीवर दप्तर असते आणि सरकारी कचेरीच्या कपाटातही दप्तरच असते. या दोहोंच्या मध्ये घर येते. तेथे मात्र दप्तर असतेच असे नाही. तेथे असते ती एक पत्र्याची पेटी, गादीखालची पिशवी, देवघराच्या फळीवरील डबा आणि कॅलेंडरच्या मागे खोचलेल्या पावत्यांचा जुडगा. रोजचे व्यवहार सुरळीत चालू असतात तोवर ही व्यवस्था पुरेशी वाटते. तिची परीक्षा होते ती अडचणीच्या दिवशी.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका शेतकरी कुटुंबाची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. कुटुंबप्रमुख वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अल्प आजाराने निवर्तले. माणूस अत्यंत सचोटीचा आणि व्यवहाराला चोख. कोणता कागद कोठे आहे हे त्यांना तोंडपाठ होते. परंतु ते फक्त त्यांनाच ठाऊक होते. दिवसकार्य आटोपल्यावर पत्नीने पेटी उघडली, तेव्हा तीत लग्नपत्रिका, वीज बिले, खताच्या पावत्या, जुन्या सातबाराचे उतारे आणि तीन पासबुके एकाच रुमालात बांधलेली निघाली. जमीन अजूनही आजेसासऱ्यांच्या नावावर होती. वर्ष उलटल्यावर महाविद्यालयात शिकणारी मुलगी एका पासबुकाची पाने चाळत असता तिला दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस कापल्या जाणाऱ्या ४३६ रुपयांची नोंद दिसली. नोंद इंग्रजी आद्याक्षरांत होती. चौकशीअंती ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची असल्याचे कळले आणि दोन लाख रुपये त्या घरात आले. वडिलांनी तरतूद करून ठेवली होती. पण ती तरतूद आहे हे घरात कोणालाही माहीत नव्हते.

या हकीकतीत कोणाचाही आळस नाही आणि अडाणीपणाही नाही. उणीव आहे ती एका साध्या सवयीची. व्यवस्थितपणा म्हणजे आपल्याला वस्तू सापडणे, असे आपण समजतो. वस्तुतः आपण घरी नसताना, घरातील दुसऱ्या माणसाला ती सापडणे हीच व्यवस्थितपणाची खरी कसोटी होय.

कचेरीचा धडा

महाराष्ट्राला दप्तराची परंपरा जुनी आहे. समर्थ रामदासांना लेखनाची शिस्त इतकी महत्त्वाची वाटली, की दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास त्यांनी लेखनक्रियेला वाहिला. पेशवाईतील कागद कापडी रुमालांत बांधून ठेवले जात. ते टिकले, म्हणूनच रियासतकार गो. स. सरदेसाई यांना १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित करता आले.

अलीकडच्या काळात या परंपरेला नवे वळण मिळाले ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथील जिल्हाधिकारी श्री. अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाच्या कामकाजात ज्या सुधारणा घडवून आणल्या, त्या 'लखिना पद्धत' म्हणून राज्यभर ओळखल्या जातात. कागदांच्या मांडणीची 'सहा गठ्ठे पद्धत' आज महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांतील लिपिकांच्या चांगल्या परिचयाची आहे. टेबलावरील सर्व कागद सहा गठ्ठ्यांत विभागावयाचे: ज्यांवर आज काम करावयाचे आहे ते, ज्यांवर अन्य कोणाच्या उत्तराची प्रतीक्षा आहे ते, ठरावीक मुदतीने पाठवावयाची नियतकालिके, कायम हाताशी लागणारे स्थायी आदेश, काम संपल्याने अभिलेख कक्षात पाठवावयाचे, आणि नष्ट करावयाचे. कागद हाती येताच तो यांपैकी कोणत्या गठ्ठ्यातील, एवढा एकच निर्णय घ्यावयाचा असतो.

याच पद्धतीला थोडी मुरड घातली, तर ती कोणत्याही घराला लागू पडते. त्यासाठी कपाट लागत नाही. सहा जाड लिफाफे किंवा कापडी पिशव्या आणि प्रत्येकीवर ठळक अक्षरांत लिहिलेले नाव, एवढे पुरे.

घरातील सहा गठ्ठे

पहिला गठ्ठा चालू कामांचा. भरावयाचे वीज बिल, शाळेतून आलेली सूचना, भरून द्यावयाचा अर्ज हे कागद यात राहतील. हा गठ्ठा नेहमी सडपातळ असावा. तो फुगू लागला, म्हणजे कामे तुंबली असे समजावे.

दुसरा गठ्ठा प्रतीक्षेचा. अर्ज दिला, पण काम व्हावयाचे आहे, अशा प्रकरणांच्या पोचपावत्या येथे ठेवाव्यात. पोचपावतीला आपण फारशी किंमत देत नाही. ती खिशातच चुरगळते. परंतु महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि मुदत मोजली जाते ती अर्जाच्या दिनांकापासून. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळावयास हवे. तेही तारखेवरूनच ठरते. पोचपावती हाती नसेल तर हक्क असूनही तो सांगता येत नाही.

तिसरा गठ्ठा मुदतीच्या कागदांचा. विम्याचा हप्ता, घरपट्टी, वाहन परवान्याचे नूतनीकरण, पीककर्जाची परतफेड, निवृत्तिवेतनधारकाने नोव्हेंबर महिन्यात द्यावयाचा हयातीचा दाखला अशी ही कामे. त्यांचे कागद एकत्र ठेवून त्यांच्या तारखा नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेवर पहिल्याच दिवशी लाल शाईने नोंदवाव्यात. शेवटच्या दिवसावर खूण करण्याऐवजी त्याच्या आठ दिवस आधीच्या दिवसावर करावी.

चौथा गठ्ठा कायमच्या कागदांचा. घराचा खरा ठेवा हाच. जन्म व विवाहाचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र, घराचे किंवा जमिनीचे खरेदीखत, मृत्युपत्र, वारस नोंदीचा फेरफार हे सर्व यात असावे. यातील मूळ कागद शक्यतो घराबाहेर नेऊ नये. नेलाच तर त्याच्या जागी, कोणी, कोठे व कधी नेला याची चिठ्ठी ठेवावी. कागद परत आला की चिठ्ठी फाडावी. ग्रंथालयात पुस्तकाच्या जागी कार्ड ठेवतात, तसाच हा प्रकार आहे.

पाचवा गठ्ठा पूर्ण झालेल्या व्यवहारांचा. फिटलेल्या कर्जाचा बेबाकी दाखला, भरलेल्या करांच्या पावत्या, जुने फेरफार, बंद केलेल्या खात्यांची पासबुके यांचे काम संपलेले असते. परंतु वाद उद्भवल्यास पुरावा म्हणून त्यांचाच आधार असतो.

सहावा गठ्ठा टाकून द्यावयाच्या कागदांचा. तो ठेवण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न पडेल. टाकण्यापूर्वी एकदा सर्वांच्या नजरेखालून गेलेला कागद पुढे पश्चात्ताप करावयास लावत नाही, हे त्याचे उत्तर. शासकीय दप्तरातही कागदांची वर्गवारी असते. 'अ' वर्गाचे कागद कायम, 'ब' वर्गाचे ३० वर्षे, 'क' वर्गाचे १० वर्षे, 'क-१' वर्गाचे ५ वर्षे व 'ड' वर्गाचे एक वर्ष ठेवावयाचे असतात. घरानेही दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी असा निवाडा करावा. आधार किंवा बँक खात्याचा क्रमांक असलेले कागद रद्दीत देण्यापूर्वी बारीक फाडावेत.

जुना म्हणून टाकू नये

या वर्षअखेरच्या निवाड्यात एक सावधगिरी आवश्यक आहे. कागद जीर्ण झाला म्हणजे तो निरुपयोगी झाला, असे नव्हे. जात प्रमाणपत्रासाठी व त्याच्या पडताळणीसाठी महाराष्ट्रात ठरावीक दिनांकांपूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा पाहिला जातो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे ते दिनांक होत. साहजिकच आजोबांच्या प्राथमिक शाळेतील दाखल्याचा पिवळा पडलेला कागद नातीच्या व्यावसायिक शिक्षणातील प्रवेशाला आधार ठरू शकतो. असे कागद असतील त्या घराने त्यांच्या साक्षांकित प्रती आजच करून ठेवाव्यात. ज्या शाळेत पूर्वज शिकले, त्या शाळेचे नाव व गाव तरी वहीत लिहून ठेवावे. मूळ नोंद शोधण्याचा रस्ता तेथूनच निघतो.

तारखेचे मोल

अनेक हक्क वेळेशी बांधलेले असतात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्म किंवा मृत्यूची माहिती २१ दिवसांत द्यावयाची असते. रुग्णालयातील घटनेची माहिती रुग्णालय देते. घरात घडलेल्या घटनेची माहिती देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची असते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, एक वर्षापर्यंत वरिष्ठ प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, अशी ही वाट उत्तरोत्तर लांबत जाते. २०२३च्या सुधारणेनंतर तर १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत अनेक कामांत जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच पुढे करावा लागणार आहे.

जमिनीच्या बाबतीत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाहक्काने हक्क प्राप्त झाल्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावयाची असते. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते, नमुना ६ मध्ये फेरफार लिहिला जातो आणि तो प्रमाणित झाल्यावर सातबारावर नावे चढतात. आता हा अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही करता येतो. तरीही 'करू सावकाश, भाऊभाऊच आहोत' असे म्हणत हे काम पुढे ढकलले जाते. एक पिढी सरली की वारस चाराचे चौदा होतात, कोणी मुंबईस तर कोणी सुरतेस असतो आणि जे काम एका अर्जाने झाले असते, त्याच्यासाठी वर्षे खर्ची पडतात. मघाशी उल्लेखिलेल्या घरात नेमके हेच घडले होते.

बँकेतील ठेवींचेही असेच आहे. दहा वर्षे ज्यांच्यावर कोणी हक्क सांगितला नाही, अशा ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग करतात. ठेवीदाराचा अथवा त्याच्या वारसांचा हक्क त्यामुळे बुडत नाही. बँकेकडे मागणी करून रक्कम मिळवता येते. अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १७ ऑगस्ट २०२३ रोजी 'उद्गम' हे संकेतस्थळही सर्वांसाठी खुले केले. परंतु खाते आहे हेच घरात ठाऊक नसेल, तर शोध घेणार कोण? म्हणून प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन झाले आहे किंवा नाही, हे एकदा पासबुकावरून पाहून घ्यावे.

पाच छोट्या सवयी

सहा गठ्ठे एका दिवसात तयार होतात. ते टिकतात मात्र सवयीने. पुढील पाच सवयी अंगी बाणवणे कोणासही अवघड नाही.

पहिली सवय म्हणजे कागद हाती येताच त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख व विषय लिहिणे. 'पावती' एवढ्यावरून काही बोध होत नाही. 'सोयाबीन बियाणे, १२ जून' असे लिहिले की कागद बोलू लागतो. बियाण्याच्या बाबतीत तर पक्की पावती, पिशवी, तिचे लेबल आणि मूठभर बियाणे कापणी होईपर्यंत जपून ठेवावे. उगवण न झाल्यास तक्रारीस आधार तोच.

दुसरी सवय, खिसे व पिशव्या रोज रात्री रिकाम्या करण्याची. दिवसभरातील चिठ्ठ्या पहिल्या गठ्ठ्यात टाकण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. एटीएमच्या आणि काही दुकानांच्या पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात. त्यांवरील अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात. महत्त्वाच्या पावतीची छायाप्रत त्याच आठवड्यात काढावी.

तिसरी सवय आठवड्याच्या बैठकीची. रविवारी किंवा बाजाराच्या दिवशी अर्धा तास काढून पहिले तीन गठ्ठे पाहावेत. ज्याचे काम झाले तो कागद पाचव्यात जाईल, ज्याची मुदत जवळ आली तो पहिल्यात येईल. महिन्यातून एकदा पासबुक भरून आणावे आणि प्रत्येक ओळीचा अर्थ लावावा. न समजलेली ओळ बँकेत विचारावी. एका ओळीत दोन लाख रुपये दडलेले असू शकतात, हे आपण पाहिलेच.

चौथी सवय, एक वही राखण्याची. या शंभर पानी वहीत खात्यांचे, विमापत्रांचे व दाखल्यांचे क्रमांक, जमिनीचे गट क्रमांक, कोणाचे किती देणे व कोणाकडून किती येणे, हे सारे लिहावे. ही वही म्हणजे घरच्या दप्तराची अनुक्रमणिका. तीत गुप्त संकेतांक मात्र लिहू नयेत. वहीची एक प्रत परगावी राहणाऱ्या विश्वासू नातलगाकडे ठेवावी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला महापुराने वेढले, तेव्हा पाण्याने धान्याबरोबर कागदही नेले. दुय्यम प्रत मिळवता येते. पण त्यासाठी मूळ कागदाचा क्रमांक ठाऊक असला, तर काम पुष्कळ सोपे होते.

पाचवी सवय जतनाची. वाळवी व ओल हे कागदाचे दोन शत्रू. पेटी भिंतीला किंवा जमिनीला चिकटवून न ठेवता फळीवर ठेवावी, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर कागदांना मोकळी हवा द्यावी. मूळ दस्तऐवज प्लास्टिकच्या आवरणात कायमचा चिकटवून घेण्याचा मोह टाळावा. तसे केल्याने तो पुन्हा मोकळा करता येत नाही आणि शिक्के-स्वाक्षऱ्या तपासणेही कठीण होते. पारदर्शक पाकीट त्याहून बरे.

भ्रमणध्वनी आणि पेटी

आज अनेक कागद भ्रमणध्वनीवर मिळतात, तेव्हा पेटीची गरजच काय, असे तरुण मंडळी विचारतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये शासकीय यंत्रणांनी थेट उपलब्ध करून दिलेले दस्तऐवज मूळ कागदाप्रमाणे मान्य करण्याची तरतूद नियमांत आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही कोणत्याही सहीशिक्क्याविना चालतो. या सोयींचा लाभ प्रत्येक घराने अवश्य घ्यावा. मात्र कागदाचे आपण काढलेले छायाचित्र आणि यंत्रणेने उपलब्ध करून दिलेला दस्तऐवज यांत फरक आहे, हे विसरू नये. शिवाय आजोबांचा १९५५ सालचा शाळेचा दाखला किंवा कर्जाची जुनी पावती कोणत्याही यंत्रणेत आपोआप जाऊन बसत नाही. आणि भ्रमणध्वनीची किल्ली एकाच माणसाजवळ असेल, तर तीही पेटीच्या हरवलेल्या किल्लीसारखीच होय. दप्तर कागदाचे असो वा पडद्यावरचे, ते घरातील आणखी एकाला उघडता आले पाहिजे.

दोघांचे दप्तर

आपल्याकडे कागदपत्रे ही पुरुषांची बाब मानण्याची रीत आहे. 'तुला काय करायचे आहे त्यात' असे सहज म्हटले जाते. परंतु प्रसंग ओढवतो तेव्हा तहसील कचेरीच्या पायऱ्या चढावयाच्या असतात त्या बहुधा तिलाच. म्हणून वर्षातून दोनदा, अक्षय्य तृतीयेस व दिवाळीस म्हणा, पती-पत्नींनी मुलांना जवळ बसवून सहाही गठ्ठे उघडावेत. वहीतील एकेक नोंद मोठ्याने वाचावी आणि तो कागद मुलांना शोधावयास सांगावे. पाच मिनिटांत सापडला, तर दप्तर नीट आहे. नाही सापडला, तर त्याची जागा बदलण्याची वेळ आली आहे. यात अशुभ असे काहीच नाही. शेतकरी पाऊस येण्यापूर्वी घर शाकारतो, तेव्हा तो पुराची इच्छा करीत नसतो.

वर वर्णिलेल्या घरात आता सहा पिशव्या आहेत. त्यांवरील नावे मुलीने लिहिली आहेत आणि वही आई सांभाळते. वारस नोंद पूर्ण होऊन सातबारावर मायलेकींची नावे लागली आहेत. पेटी तीच आहे. तिची किल्ली मात्र आता देवघराजवळच्या खिळ्यावर, सर्वांना दिसेल अशी टांगलेली असते.

येत्या रविवारी सहा लिफाफे घेऊन बसावयास हरकत नाही. सुरुवात चौथ्या गठ्ठ्यापासून करावी.